प्रेअरीच्या माळावर तीन रात्री: आरव्ही, आई-बाबा आणि बफेलो गॅप (सल्ला हवा)

मिनेसोटा_मुक्कामी | १९ एप्रिल

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनियापोलिसला राहतो. आई-बाबा मे महिन्यात येताहेत. मागच्या खेपेला नायगारा, शिकागो, मॉल सगळं उरकलं होतं. परत जाताना विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "इमारती बघून झाल्या, पुढच्या वेळी तुमच्याकडचं रान दाखव." ते इंदापूर तालुक्यातले. उभा जन्म माळावर गेलाय. म्हटलं, यांना इथला माळच दाखवू.

बेत असा: जूनचा दुसरा आठवडा, अमावास्येच्या आसपास. २५ फुटी क्लास सी आरव्ही (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकांवरचं घर) भाड्याने. साउथ डकोटात बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडवर तीन रात्री. हे बॅडलँड्स नॅशनल पार्कला अगदी चिकटून आहे आणि तिथे चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. हूकअप (गाडीला वीज-पाण्याची जोडणी) नाही, नळ नाही, संडास नाही. माणसं पाच: मी, बायको, लेक (९), आई (६६), बाबा (७१). आरव्ही जन्मात चालवलेली नाही.

पाणी पुरेल का? पार्कातल्या सेज क्रीक कॅम्पग्राउंडला एक रात्र काढावी का? आणि आईचा एकच प्रश्न आहे, तो तिने फोनवर चार वेळा विचारलाय. तो संडासाचा.

खडूस_कारकून | १९ एप्रिल

सव्वापाचशे मैल गाडी हाकून गवत बघायला जाणार? ते तर तुमच्या घरामागे पण आहे, वर दर शनिवारी कापावं लागतं. वॉल गावात मोटेल आहेत. गरम पाणी, पलंग, सकाळी वॉफल. म्हाताऱ्या माणसांचे हाल करू नका.

टाकी_फुल | १९ एप्रिल

कारकूनसाहेब, तुमच्या वॉफलला मान देऊन मुद्द्यावर येतो.

आरव्हीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक ग्रे (मोरी आणि आंघोळीचं सांडपाणी), एक ब्लॅक (आईंचा प्रश्न). नवखे लोक पहिलीची काळजी करतात, पण घात बहुतेक वेळा दुसरी करते. घरच्या सवयीने भांडी घासलीत तर पाच माणसांत ग्रे टँक दुसऱ्या दिवशीच भरते, आणि मग ते पाणी शॉवरच्या जाळीतून वर येतं. ते माळावर सोडून द्यायचं नाही. डंप स्टेशनवरच (टाक्या रिकाम्या करायची ठरलेली जागा) रिकामं करायचं.

त्यामुळे: ताटं पुसून मग धुवा. तेलकट भांडं आधी कागदाने टिपा, फोडणीचं तेल टाकीत गेलं की जो वास सुटतो तो भाड्याची गाडी परत करेपर्यंत सोबत करतो. आंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ चालू. किंवा सरळ बादली-तांब्या. आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये घ्या. एक गॅलन म्हणजे ८.३ पौंड वजन, तेव्हा कॅन मागे एका कोपऱ्यात रचू नका, गाडी डोलते.

ब्लॅक टँकबद्दल: आरव्हीचाच कागद वापरा, आणि पाणी वाचवायच्या नादात फ्लशला कंजूषी करू नका. टाकीत पाणी कमी पडलं की सगळं खाली थर धरून बसतं. कसं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील.

वीज: आरव्हीतल्या घराच्या बॅटरीवर दिवे, पंप, पंखा चालतो. एसी चालत नाही. त्याला जनरेटर लागतो. तो गाडीच्याच टाकीतून गॅस (म्हणजे पेट्रोल) पितो आणि टाकी साधारण पाव उरली की आपोआप बंद पडतो, म्हणजे तुम्ही माळावर अडकू नये. तेव्हा वॉलमध्ये टाकी फुल करूनच आत शिरा. फ्रिज प्रोपेनवर चालणारा असेल तर गाडी समतल उभी असावी लागते. चाकाखाली घालायच्या पिवळ्या पाट्या भाड्याबरोबर मागून घ्या.

आणि पहिलीच वेळ असेल तर निघायच्या आधी एक रात्र घराजवळच्या कॅम्पग्राउंडला काढा. जे विसरलंय ते तिथे कळू दे.

भाजणी | २० एप्रिल

टाकी_फुल यांना +१. खाण्याचं मी सांगते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दडप्या पोह्यांचं सामान, भाजलेला रवा. कुकर नेऊ नका, डाळ घरून शिजवून गोठवून न्या, दोन दिवस ती फ्रिजमध्ये बर्फाचंही काम करते. आणि मिरचीची फोडणी आत करू नका! आरव्हीतला धुराचा अलार्म डोक्यावर दोन फुटांवर असतो. आमच्या सासूबाईंनी पहाटे साडेपाचला लसणीची फोडणी दिली होती, अख्खा कॅम्पग्राउंड उठला. बाहेर घडीचं टेबल आणि छोटी शेगडी घ्या.

डकोटाकर | २० एप्रिल

अकरा वर्षं रॅपिड सिटीत आहे. बेत चांगला आहे, पण तीन दुरुस्त्या.

एक, सेज क्रीक विसरा. तिथे १८ फुटांपेक्षा लांब आरव्ही चालत नाही, तुमची २५ आहे. पार्कात हूकअपसकट राहायचं तर सीडर पास कॅम्पग्राउंड आहे, काही जागांना वीज आहे, जवळच डंप स्टेशन आहे. आगाऊ बुकिंग करा. माझं ऐकाल तर दोन रात्री माळावर आणि तिसरी सीडर पासला. टाक्या रिकाम्या होतील, आईंना मोकळी आंघोळ मिळेल.

दोन, भाड्याचा करार वाचा. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि तिथे काही झालं तर विमा हात वर करतो. वॉलहून हायवे २४० ने पार्काच्या पिनॅकल्स फाटकाकडे येताना, फाटकाच्या अलीकडे, माळाच्या कड्यावर लोक मुक्काम करतात. डांबरी सोडून थोडंसंच आत जावं लागतं. तेवढ्याची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या.

तीन, आणि हेच महत्त्वाचं. गम्बो.

इथली माती म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाचा शेल खडक झिजून झालेली चिकणमाती, बेंटोनाइटने भरलेली. कोरडी असताना सिमेंटसारखी कडक. पाऊस पडला की फुगते, आधी साबणासारखी निसरडी होते आणि मग चाकाला अशी लपेटते की चाक मडगार्डात मावत नाही. फोर व्हील ड्राइव्हवाले पिकअप अडकतात, तुमचं बारा हजार पौंडांचं धूड कुठे घेऊन बसलात. जून हा आमच्याकडचा पावसाचा महिना. दिवसभर निळंशार आकाश, सहा वाजता पश्चिमेला भिंत उभी राहते, आठला धिंगाणा.

गारांचंही सांगून ठेवतो. आय-९० महामार्गावर व्हिव्हियन नावाचं गाव लागेल. २३ जुलै २०१० ला तिथे आठ इंच व्यासाची गार पडली होती, वजन जवळजवळ ८८० ग्रॅम. अमेरिकेतली आजवरची सगळ्यात मोठी. तशी तुमच्यावर पडणार नाही, पण लिंबाएवढ्या पडतात.

मिनेसोटा_मुक्कामी | २१ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. सेज क्रीक रद्द, सीडर पासची तिसरी रात्र बुक केली. कंपनीला ईमेल टाकलाय.

गम्बोबद्दल बाबांना फोनवर सांगितलं. ते हसले. म्हणाले, "अरे, काळं रान म्हण की. पाऊस झाल्यावर काळ्या रानात बैलगाडी कोण घालतं? वाफसा येईस्तोवर बसायचं गप."

डकोटाकर | २१ एप्रिल

वाफसा! कित्येक वर्षांनी ऐकला हा शब्द. बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं निदान अचूक आहे. आपली काळी माती आणि इथला गम्बो, दोन्हीत पाण्याने फुगणारी एकाच कुळातली खनिजं आहेत.

खडूस_कारकून | २१ एप्रिल

वाफसा म्हणजे काय? मी गिरगावातला आहे.

मिनेसोटा_मुक्कामी | २१ एप्रिल

पावसानंतर जमीन पाणी पिऊन, वरून सुकून, पाय टाकण्याजोगी होते ती अवस्था. चिखलही नाही, ढेकळंही नाहीत. पेरणी-कुळवणीला त्याचीच वाट बघतात.

रानवाटा | २३ एप्रिल

"गवत काय बघायचं" यावर थोडं लिहितो, जरा अवांतर होईल.

हा माळ तुम्हाला फुकट राहायला का मिळतो? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारने १६०-१६० एकर वाटले. पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशात तेवढ्यावर कुटुंब जगायचं, इथे कोरड्यात नाही. तरी लोकांनी नांगर घातला. गवताची मुळं कित्येक फूट खोल जाऊन माती धरून ठेवतात, ती उलथली. मग तिसाच्या दशकात दुष्काळ पडला आणि माती वाऱ्यावर उडाली. डस्ट बोल म्हणतात तो हा. लोक देशोधडीला लागले. सरकारने कर्जात बुडालेली, ओसाड पडलेली रानं विकत घेतली, १९३७ च्या बँकहेड-जोन्स कायद्याने त्याला वेग आला. पुन्हा गवत लावलं. १९६० मध्ये त्यांतल्या बऱ्याच जमिनींना नॅशनल ग्रासलँड हे नाव मिळालं. आज असे वीस आहेत. वन खातं ते सांभाळतं, आणि स्थानिक पशुपालक परवाना घेऊन त्यावर गुरं चारतात. तेव्हा कड्यावर उभे राहाल तिथे आसपास कुणाचं तरी मोडलेलं घर होतं, हे लक्षात असू द्या. नकाशावर हा प्रदेश गोधडीसारखा दिसतो: मध्येच खाजगी शेत, मध्येच सरकारी माळ. कुंपणाचं फाटक जसं असेल तसंच ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

होमस्टेडच्याही आधी हा लाकोटा या मूळ रहिवाशांचा मुलूख. 'माको सिका', वाईट जमीन, हे नाव त्यांचं. पार्काचा दक्षिण भाग आजही त्यांच्या पाइन रिज रिझर्वेशनमध्ये (त्यांच्यासाठी राखलेल्या मुलखात) आहे. १९४२ मध्ये तिथल्या लोकांना उठवून हवाई दलाने बाँबफेकीच्या सरावासाठी जमीन घेतली, न फुटलेले गोळे अजून सापडतात. वूंडेड नी, जिथे २९ डिसेंबर १८९० ला लाकोटांची कत्तल झाली, ते गावही तिथेच. जायचं असेल तर 'स्पॉट' उरकल्यासारखं जाऊ नका.

प्राण्यांत बायसन दिसतील, १९६३ पासून पार्कात पुन्हा आणलेत. शंभर यार्ड लांब राहा. नर हजार किलोच्या घरातला असतो आणि घोड्याच्या वेगाने धावतो. प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) वसाहती लेकीला खूप आवडतील, पण बिळांजवळ बसू देऊ नका. २००८ मध्ये इथल्या कोनाटा खोऱ्यात प्लेग पोचला, तो पिसवांतून पसरतो. त्याच प्रेअरी डॉगवर जगणारा काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी) १९९४ पासून इथे सोडताहेत. एके काळी तो नामशेष झाला असंच धरून चालले होते.

भाजणी | २३ एप्रिल

रानवाटा, सुंदर प्रतिसाद. साप?

रानवाटा | २३ एप्रिल

रॅटलस्नेक आहेत. घोणस असते त्या रानात जसं वागतो तसंच वागायचं: बूट, रात्री बॅटरी, आणि न बघता खड्ड्यात हात घालायचा नाही. एक फरक म्हणजे हा आधी खुळखुळा वाजवतो. बहुतेक वेळा.

आकाशकंदील | २५ एप्रिल

अमावास्या साधताय हे उत्तम. जूनमध्ये तिथे साडेआठच्या पुढे सूर्य मावळतो आणि खरा काळोख व्हायला अकरा वाजत येतात, तेव्हा लेकीला दुपारी झोपवा. घड्याळही एक तास मागे जातं, वॉल माउंटन टाइममध्ये आहे. बाबांना ध्रुव दाखवा. इंदापूरला तो क्षितिजापासून अठरा अंशांवर, इथे चव्वेचाळीस. उलट वृश्चिक खाली घसरलेला दिसेल, मध्यरात्रीच्या सुमारास मूळ नक्षत्र जेमतेम माळाला टेकलेलं.

खडूस_कारकून | २५ एप्रिल

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन विंचू बघायला. छान.

टाकी_फुल | २ जून

काय हो, निघालात का? एक राहिलं: छपरावरचे झरोके आणि पायरी बंद करून मगच गाडी हलवा. आणि वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, गॅसच्या पंपापाशी सगळ्यात जास्त आरव्ही त्यानेच खरचटतात.

मिनेसोटा_मुक्कामी | २४ जून

परत आलो. गाडी खरचटली नाही. सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं, घ्या.

जाताना चेंबरलेनला मिझुरी नदी ओलांडली. तिथे काठावर 'डिग्निटी' हा लाकोटा-डकोटा स्त्रीचा पन्नास फुटी पुतळा आहे. आई त्याच्या पाठीवरची निळी गोधडी बघत बराच वेळ उभी होती. नदी ओलांडली की शेतं मागे पडतात आणि जमीन उघडी होत जाते. वेगमर्यादा ८० मैल आहे, पण आडव्या वाऱ्यात मी ६० च्या वर गेलो नाही. गॅलनला आठ मैलसुद्धा मिळाले नाहीत, खिशाला चांगलीच चाट बसली.

पहिली रात्र कड्यावर. दृश्य असं की बोलायची सोय नाही: खाली लालसर-पांढरे पट्ट्यापट्ट्यांचे सुळके, पाठीमागे गुडघाभर गवत, मध्ये आपण. रात्री एकला वारा सुटला. गाडी पाळण्यासारखी हलायला लागली, आई उठून बसली आणि रामरक्षा म्हणायला लागली. सकाळी गाडी कड्यापासून बरीच मागे घेतली आणि तोंड वाऱ्याकडे केलं. हे आधीच करायला हवं होतं, पण फोटोचा मोह.

दुसरा दिवस बाबांचा. सकाळी सहाला ते गवतात गेले ते नऊला परत आले. पायमोज्यांना शेकडो कुसळं. इथे नीडल अँड थ्रेड नावाचं गवत आहे, त्याचं कुसळही आपल्या कुसळीसारखंच पीळ खात आत घुसतं. बाबा ओट्यावर बसल्यासारखे पायरीवर बसून एकेक काढत होते आणि लेकीला सांगत होते की हे बी स्वतःच स्वतःला जमिनीत पेरतं. मेडोलार्क पक्षी कुंपणाच्या खांबावर गात होता. पिवळी छाती, त्यावर काळा 'व्ही'. बाबा म्हणाले, आपला चंडोल उडत गातो, हा आळशी आहे, बसून गातो. कडबनवाडीच्या माळावर वन खात्याने आता सफारी सुरू केलीय ना, तिथे लोक पैसे देऊन येतात ते त्यांना तोवर पटलं नव्हतं. इथे आल्यावर म्हणाले, "आपण त्याला पडीक म्हणायचो."

संध्याकाळी डकोटाकर म्हणाले तशी पश्चिमेला भिंत उभी राहिली. निघून वॉलला जावं का यावर माझी आणि बायकोची तू-तू मैं-मैं चालली होती, तोवर टपोरे थेंब सुरू झाले. गारा वाटाण्याएवढ्या, पण पत्र्यावर आवाज असा की शेजारचं बोलणं ऐकू येईना. तासाभरात संपलं. मग ढग फाटले आणि आकाश निघालं. आकाशकंदील, मूळ नक्षत्र दिसलं. खाली लांबवर विजा आणि त्यांच्या जरा बाजूला विंचवाची नांगी.

सकाळी उठलो तर दारातून खाली टाकलेला पहिलाच पाय बुटासकट जड झाला. आम्हाला अकराला निघायचं होतं. मिनिटमन क्षेपणास्त्रांचं डेल्टा-०१ हे नियंत्रण केंद्र बघायचं होतं, त्याला आधी नाव नोंदवावं लागतं, ते महिन्यापूर्वी केलं होतं. मी म्हटलं, दोनशे फूट तर जायचंय डांबरीपर्यंत, हळूहळू काढतो. बाबांनी चावी खिशात टाकली. खरंच टाकली. म्हणाले, "वाफसा नाही."

दहाच्या सुमारास पलीकडच्या कुंपणाच्या आतून एक म्हातारा रँचर चारचाकी बाइकवरून आला, गुरं बघायला आला असावा. मी विचारलं, निघू का? त्याने उत्तर न देता वाकून मातीचा गोळा उचलला, मुठीत दाबला आणि उघडून दाखवला. बोटांचे ठसे जसेच्या तसे. बाबांनी पुढे होऊन तोच गोळा घेतला, आपल्या मुठीत दाबला, मान हलवली. मग दोघांनी एकाच वेळी आकाशाकडे बघितलं. रँचर म्हणाला, दुपारी तीन. बाबांनी लेकीला विचारलं, काय म्हणाला? तिने सांगितल्यावर म्हणाले, "मी अडीच धरले होते."

पुढचा अर्धा तास लेक दुभाषी. एका गाईला किती चारा लागतो, कोणत्या महिन्यात माळ मोकळा सोडतात, पाणी कुठून आणतात. आईने त्याला थालीपीठ दिलं. त्याने दुसरं मागून घेतलं.

तीनला निघालो, चाकाला माती लागली पण धरली नाही. क्षेपणास्त्र हुकलं. डेल्टा-०९ चा सायलो (क्षेपणास्त्र ठेवायची जमिनीखालची विहीर) तेवढा काचेतून बघितला. त्या शांत माळाखाली शीतयुद्धात अशी शस्त्रं तयार ठेवलेली होती, हे बाबांना सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत.

आकडे, पुढच्यांसाठी: दोन रात्री आणि अडीच दिवसांत चांगल्या पाण्याची टाकी पाव उरली, शिवाय पिण्याचे सात गॅलनचे दोन कॅन संपले. ग्रे टँकचा दिवा पाऊण भरल्याचा, ब्लॅकचा निम्म्यावर. जनरेटर एकूण चार तास. सीडर पासला टाक्या रिकाम्या करताना हातमोजे विसरलो होतो, बाकी लिहीत नाही. भाजणी, फोडणी बाहेरच केली. तरी अलार्म वाजलाच, उदबत्तीने.

टाकी_फुल | २४ जून

हातमोज्यांचं मी एप्रिलमध्ये लिहायला हवं होतं. माफी.

खडूस_कारकून | २५ जून

आईंच्या मुख्य प्रश्नाचं काय झालं?

मिनेसोटा_मुक्कामी | २५ जून

तिचं मत असं की वॉलच्या गॅस स्टेशनपेक्षा आपलाच बरा होता. आता लेकीच्या शाळेच्या सुट्टीत पुन्हा निघायचं म्हणतेय. ऑगस्टची पहिली-दुसरी तारीख म्हणत होती, पण तेव्हा जवळच स्टर्गिसला मोटरसायकलवाल्यांची जत्रा असते ना? डकोटाकर, गर्दी कुठवर पोचते?

डकोटाकर | २५ जून

वॉलपर्यंत नक्की. सप्टेंबर धरा, शाळेचे दोन दिवस बुडू देत. गवत तोवर तांबूस होतं, आणि पाऊस कमी. बाबांना म्हणावं, चावी त्यांच्याकडेच ठेवा.